गोधडीपलीकडचं घर

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत एक वर्ग भरायचा. विद्यार्थी सगळे मोठे. लाकूडगिरणीतले, बेकरीतले, दवाखान्यातले. हिवाळ्यात स्की घेऊन डोंगरात फिरायचा ज्यांना नाद आहे असे. महामार्ग खात्यातला ग्रँट त्यांना हिमस्खलनाबद्दल सांगायचा. कुठला उतार धोक्याचा, वारा बर्फ उचलून कुठे नेऊन टाकतो, छातीला बांधायचं बीकन, म्हणजे बर्फाखालून खुणेचा आवाज देणारं यंत्र, कसं तपासायचं, गाडल्या गेलेल्या माणसाला लांब सळई टोचून कसं शोधायचं. मग सुट्टी व्हायची आणि गाशा कल्माकॉफ मोठ्या पातेल्यातून बोर्श्टचं सूप वाढायची. आमच्या खोऱ्यातल्या रशियन घरांतला बोर्श्ट म्हणजे बीट नावाला, कोबी आणि मलई भरपूर, वरून शेपू. पातेलं रिकामं झालं की गाशा एप्रनला हात पुसून म्हणायची, "चला, ओळीत उभे राहा."

ती एकेकासमोर जाऊन उभी राहायची. ठेंगणी बाई, त्यामुळे बहुतेकांना मान खाली घालून तिच्याकडे बघावं लागे. समोरच्याने तिच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणायचं. एवढाच धडा.

सोपा वाटतो, पण भल्याभल्यांना जमायचा नाही. आमच्या गावचा प्लंबर ऑर्विल, दार अडेल एवढा माणूस, पहिल्या वर्षी सपशेल नापास झाला.

"नाही... म्हणजे मला असं वाटतं की—"

"तुला काय वाटतं ते नको. नाही म्हण."

"नाही, कारण तिकडचा बर्फ जरा—"

"कारण कोणी विचारलं?"

"अगं, पण काहीतरी कारण द्यायला नको का?"

"लग्नात 'हो' म्हणालास तेव्हा दिलं होतंस कारण?"

"तेव्हा कारण शोधत बसलो असतो तर आज सडाफटिंग असतो!"

"सांगते हां हे तुझ्या बायकोला."

सगळी व्यायामशाळा हसली. हसू ओसरल्यावर गाशा जे म्हणाली ते ती दर वर्षी म्हणायची आणि मी दर वर्षी दारात उभी राहून ऐकायची. "वर गेल्यावर कधी कधी पोटात काहीतरी कालवतं. काय ते लगेच कळत नाही. माणूस मनाशी कारण जुळवत राहतो, तोवर गप्प बसतो, लोक हसतील म्हणून. कारण सापडतं तेव्हा आपण उताराच्या मध्यावर असतो. म्हणून आधी नाही म्हणायचं. चौघांतल्या एकाने म्हटलं तरी चौघं मागे. आणि बाकीच्यांनी 'का' म्हणून विचारायचं नाही. वाटेत नाही, गाडीत नाही, दुसऱ्या दिवशी बेकरीतही नाही."

आमच्या कॉटनवुड लँडिंग गावात हा रिवाजच झाला. दुसऱ्या गावचे स्कीवाले आम्हाला हसत. हसोत बापडे.

गाशाची आणि माझी ओळख त्या वर्गामुळेच घट्ट झाली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची, मी शाळेत शिकवायची. दोघी निवृत्त झाल्यावर एकत्र डोंगरात जायला लागलो. ऑर्विल बहुतेक वेळा बरोबर असायचा, कारण खोल बर्फात वाट फोडायला त्याच्यासारखा बैल नाही. हे त्याचेच शब्द. गाशाला तो 'नकारघंटा' म्हणायचा. आमच्यातले निम्मे नकार तिचेच असत. त्यांतले किती बरोबर होते ते कोणालाच माहीत नाही. ज्या उतारावर आपण गेलोच नाही तिथे काय झालं असतं, हे कळायला मार्ग नसतो.

आणि यात एक गोष्ट होती, जी गावाला माहीत होती पण कोणी तिच्या तोंडावर बोलत नसे. त्या नकारांनी सगळ्यात जास्त तिचंच अडलं होतं.

गावाच्या मागचा डोंगर चढून गेलं की एक रुंद पांढरा उतार लागतो. त्यावर वाऱ्याने पाडलेले चौकोन चौकोन दिसतात, म्हणून आम्ही त्याला गोधडी म्हणतो. गोधडी आडवी ओलांडली की डोंगराचा खांदा. खांद्यापलीकडे खोलगट कुरण, आणि कुरणाच्या काठाला एक लाकडी घर. पूर्वी तिथे जस्ताची खाण होती. ती बंद पडल्यावर कंपनीने हिवाळ्यासाठी एक राखणदार ठेवला, छपरांवरचा बर्फ उपसायला. तो राखणदार म्हणजे गाशाचा नवरा टिमोफेई. ती त्याला टिमोशा म्हणायची. लग्न झालं त्याच वर्षी दोघं वर गेली आणि पुढे पाच हिवाळे तिथे राहिली.

पाच हिवाळे दोघंच. दिवसभर छपरं उपसायची, संध्याकाळी चुलीशी बसायचं. आमच्या रशियन लोकांत प्रार्थनेला वाद्यं नसतात, नुसते आवाज. खाली सभागृहात पन्नास माणसं गातात, वर ही दोघं गायची. "दोघांचा आवाज तो कितीसा," गाशा मला म्हणाली होती, "आणि बाहेर एवढा बर्फ की तो आवाज पिऊन टाकतो. दारापलीकडे काही जायचंच नाही. जे काय असेल ते घरातच राहायचं."

मग कंपनीने यंत्रं विकली, राखणदार काढला. दोघं खाली आली. मुलगी झाली. टिमोफेई गिरणीत लागला आणि मुलगी शाळेत जायच्या आधीच छातीच्या दुखण्याने गेला. गाशाने धुलाईघर धरलं. खाणीच्या रस्त्यावरचा पूल पुराने नेला, आणि आमच्या इथे सोडलेल्या रस्त्याचं काय होतं ते सांगायला नको. पाच-सात वर्षांत ऑल्डरची झुडपं माणसाच्या डोक्यावर गेली. उन्हाळ्यात त्यातून अस्वलसुद्धा कुरकुरत जातं. हिवाळ्यात सगळं गाडलं गेलं की वरून स्कीने जाता येतं, पण मग मध्ये गोधडी येते.

तरुण पोरं जायची. बर्फ चांगला असला की खुशाल जाऊन त्या घरात डबा खाऊन यायची. गाशा त्यांना बेकरीत गाठायची.

"चूल आहे अजून?"

"आहे मावशी. गंजलीय."

"खिडकीच्या कितीपर्यंत बर्फ होता?"

"वरच्या काचेपर्यंत."

"मग फार नव्हता," असं म्हणून ती पाव घेऊन निघून जायची. त्यांनी फोनवर फोटो दाखवायला काढला तर बघायची नाही. "राहू दे, मी जाणारच आहे."

ती जाणारच होती. मुलगी मोठी होऊन किनाऱ्याकडे गेली, धुलाईघर सुटलं, तेव्हापासून दर हिवाळ्यात आमचा बेत असायचा. एकदा पायाखाली बर्फ 'धप्प' असा खचला आणि समोर भेग धावत गेली. गाशाने नाही म्हटलं. एकदा वारा रात्रभर वाहिलेला. गाशाने नाही म्हटलं. एकदा धोक्याचं काहीच दिसत नव्हतं, ऊन पडलेलं, तरी गाशानेच नाही म्हटलं. प्रत्येक वेळी गोधडीच्या काठापासून मागे. काठावरून घर दिसत नाही. त्यासाठी खांद्यापर्यंत जावं लागतं. तिथून म्हणे आधी धुराडं दिसतं.

एकदा परतताना मी तिला विचारलं, की हा नियम तुला शिकवला कोणी?

"कोणी नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही खालून सामान घेऊन वर चाललो होतो. पीठ, मेणबत्त्या, पाठीवर केवढं ओझं. गोधडीशी आलो आणि मी म्हटलं, नको. टिमोशाने माझ्याकडे बघितलं, ओझं खाली ठेवलं आणि स्की वळवल्या. पलीकडे चूल, अंथरूण, सगळं. अलीकडे खाणीची एक पत्र्याची खोली, वारा आरपार. तिथे कुडकुडत रात्र काढली. सकाळी गोधडी जशीच्या तशी. गेलो पलीकडे."

"आणि तो काही बोलला नाही?"

"त्याने जन्मात मला हजार गोष्टी विचारल्या. जेवायला काय आहे, माझा मोजा कुठे आहे. हे मात्र कधी विचारलं नाही."

"पण तुझ्याकडे कारण होतं का गं?"

ती स्कीच्या टोकाकडे बघत हसली. "काही नव्हतं. भूक लागली होती, बहुतेक."

मग तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, सांधा बदलायचा, एप्रिलची तारीख, आणि त्यानंतर पाठीवर ओझं घेऊन चढण बंद. "म्हणजे हा हिवाळा," गाशा मला म्हणाली. एवढंच म्हणाली, पण गावभर झालं. कोण कोण येऊन तिच्या स्कीच्या कडा घासून देऊन गेलं. ऑर्विलने चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या नव्या केसाळ पट्ट्या आणून दिल्या आणि म्हणाला, "नकारघंटे, या वर्षी तुला उचलून नेईन."

"आधी स्वतःचं पोट उचल."

जानेवारी वाईट गेला. थंड, निरभ्र रात्री आल्या आणि बर्फावर काचेच्या पिसांसारखे स्फटिक उगवले. पहाटे त्यांच्यावरून चाललं की किणकिण वाजतात. फार देखणी चीज, आणि आमच्या डोंगरातली सगळ्यात लबाड. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ती पिसं उभीच्या उभी गाडली जातात आणि वरचा सगळा थर त्यांच्यावर टेकून राहतो. एका माणसाच्या वजनाने सुटतो. ग्रँट रोज सकाळी इशाऱ्याची पाटी लाल ठेवत होता. गाशा रोज त्या पाटीपर्यंत चालत जायची, वाचायची आणि परत यायची. फेब्रुवारीही तसाच गेला. तिच्या दाराशी स्की उभ्या होत्या आणि ती येता-जाता त्यांना हात लावायची, गोठ्यातल्या जनावराला लावावा तसा.

मार्चमध्ये बर्फ घट्ट बसला. आधी पाटी पिवळी झाली, मग हिरवी. आम्ही चौघं निघालो. गाशा, ऑर्विल, मी आणि लिओना. लिओना आमच्या दवाखान्यातली परिचारिका, सॅस्कॅचेवानच्या सपाट मुलखातली, डोंगरात दुसराच हिवाळा. ऑर्विल तिला म्हणायचा, "तुमच्याकडे डोंगर म्हणजे बटाट्यांचा ढीग." ती हसून घ्यायची. कामाची मुलगी होती, फार बोलायची नाही, आणि बीकनचा सराव आमच्या सगळ्यांत तिचा उत्तम होता.

सडक संपते तिथे गाशा उभी राहिली आणि आम्ही एकेक करून तिच्यासमोरून गेलो. प्रत्येकाचं बीकन तिच्या हातातल्या यंत्रात वाजलं. मग चढण. ऑर्विल वाट फोडत होता, गाशा त्याच्या मागे, गुडघ्याला पट्टा. ती गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी तिला चढताना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

गोधडीच्या अलीकडे, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका लहानशा उतारावर आम्ही खड्डा खणला. बर्फाचा खांब कापला, वर फावडं ठेवून ऑर्विलने थापा मारल्या. आधी मनगटाने, मग कोपरापासून, मग खांद्यापासून. खांब हलेना. शेवटी सगळा जोर लावल्यावर तुटला, तोही खडबडीत, पाव मोडावा तसा. गाशाने हातमोजा काढून आत बोट फिरवलं. पिसांची रेघ दिसत होती, पण चिरडून घट्ट झालेली.

"बसलाय," ती म्हणाली.

ऊन होतं, वारा नव्हता. पायाखाली आवाज नाही, भेगा नाहीत. आम्ही काठावर आलो. उतार ओलांडताना एकेकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची.

"पहिली मी," गाशा म्हणाली.

"अगं, नवरीला कोणी पुढे पाठवतं का?" ऑर्विल.

"नवरी कसली, मालकीण आहे मी. दार मलाच उघडायला हवं."

तिने काठ्यांचे पट्टे मनगटातून काढले, पाठपिशवीची कमरेची बकल सोडली. उतार सुटलाच तर अडकायला नको म्हणून हे करतात. टोपी नीट केली. तेसुद्धा केलं, घरी जाताना बाई करते तसं. आणि स्कीचं टोक गोधडीवर ठेवलं.

"नाही," लिओना म्हणाली.

हळूच म्हणाली, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ऑर्विल वळला. "अगं, आत्ताच तर आपण खड्डा—"

"ऑर्विल," गाशा म्हणाली.

तो थांबला. गाशाची आमच्याकडे पाठ होती. तिने गोधडीवरचं स्कीचं टोक मागे घेतलं नव्हतं. समोर सगळा उतार उन्हात लखलखत होता आणि पलीकडे खांदा, इतका जवळ की तिथल्या वाळक्या झाडावरचे बर्फाचे गोळे मोजता यावेत. मी तिच्या पिशवीकडे बघत उभी होते. दुसरीकडे कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

मग तिने टोक मागे घेतलं. स्की वळवायच्या म्हणजे एक पाय उचलून अख्खा उलटा फिरवावा लागतो. दुखऱ्या गुडघ्याने तिला ते दोनदा करावं लागलं. ऑर्विल हात द्यायला पुढे झाला, तिने मानेनेच नको म्हटलं. आमच्याकडे तोंड केलं तेव्हा तिचा चेहरा रोजच्यासारखा होता.

"चहा इथेच पिऊ," ती म्हणाली. "खाली सावली आहे, गार होईल." आणि थर्मासमधला पहिला पेला तिने लिओनाला दिला.

उतरताना ऑर्विलने एकही विनोद केला नाही. गाडीत गाशा लिओनाच्या शेजारी बसली आणि दवाखान्यातल्या नव्या वॉशिंग मशीनबद्दल बारीकसारीक विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचे चौघे गोधडी ओलांडून गेले. घराच्या दारात बसून त्यांनी जेवण केलं आणि संध्याकाळी आमच्या बेकरीत येऊन सांगितलं. "एकदम घट्ट! डोळे मिटून जावं अशी." मी रांगेत होते, ऑर्विल होता, लिओनाही होती. त्यांतला एक तिलाच म्हणाला, "काल तुम्ही काठावरून का फिरलात? माग दिसले आम्हाला."

लिओनाच्या हातातला पाव तसाच राहिला.

"आमच्यात विचारत नाहीत," ऑर्विल म्हणाला. त्या पोराने त्याच्याकडे वर बघितलं आणि तो आपल्या सोबत्यांकडे वळला.

त्यानंतर ऊन चढलं. ओल्या बर्फाचे लोट भरदुपारी गडगडत उतरायला लागले, पाटी पुन्हा लाल झाली आणि हिवाळा संपला तो संपलाच. गावात कुजबुज झाली, वर्गणीची गोष्ट निघाली. ऑर्विलच्या मेहुण्याची हेलिकॉप्टरवाल्यांशी ओळख होती. ऑर्विल गाशाला सांगायला गेला. अर्ध्या तासाचं काम, दाराशी उतरवू, थोडा वेळ बस, परत आणू.

"मी काय सिमेंटची गोणी आहे, वरून टाकायला?"

"तसं नाही गं. सगळ्यांना वाटतंय की तू एकदा—"

"वाटतंय ते कळलं मला. बस, खाऊन जा." तो परत आला आणि मला म्हणाला, "माझं चुकलं का हो बाई?" मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, आणि तिचंही नाही. घरी जायचं तर घरच्या वाटेने जावंसं वाटतं माणसाला. तो मान हलवत गेला. पटलं की नाही कोण जाणे.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी मी गाशाकडे शेवया कापायला मदत करत होते. इस्पितळात जायच्या आधी तिला फ्रीझर भरून ठेवायचा होता. दारात लिओना आली. कोट न काढताच उभी राहिली.

"मावशी, मला सांगायचंय."

"सांगू नकोस."

"पण ते बर्फाबद्दल नव्हतंच. तुम्ही टोपी नीट केलीत ना, ते बघून मला एकदम—"

गाशाने पिठाचा हात वर केला. "कोट काढ. बस. मास्तरीणबाई, तिला बोर्श्ट वाढ."

लिओना बसली. पण रडायला लागली. "तुमचा शेवटचा हिवाळा होता. मला माहीत होतं. माहीत असूनही मी—"

"माहीत असूनही म्हणालीस. ऑर्विलच्या बापाला जमलं नसतं. आणि ही आमची मास्तरीणबाई तर मला खूश करायला कड्यावरून उडी मारेल."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. पण ते खरं होतं.

"आज मला कारण सांगितलंस ना," गाशा तिला म्हणाली, "तर पुढच्या वेळी म्हणायच्या आधी कारण शोधशील. बरं दिसेल असं. नको. असू दे ते तुझ्यापाशी." आणि तिच्या वाडग्यात मलईचा आणखी एक डाव घातला. "किती वाळलीस. दवाखान्यात खायला देत नाहीत का?"

लिओना गेल्यावर आम्ही पुन्हा शेवया कापायला बसलो. मग गाशा म्हणाली, "राग आला होता मला."

"दिसलं नाही."

"पाठ होती ना माझी." तिने कापलेल्या शेवया हाताने मोकळ्या केल्या. "वाटलं, ही सपाट मुलखातली पोर, हिला काय कळतं. आत्ता विचारते 'का', काही सांगता यायचं नाही हिला, आणि मग जाते मी. ओठांपर्यंत आलं होतं बघ." तिने ओठांना पिठाचं बोट लावलं, खूण राहिली. "तेवढ्यात टिमोशा आठवला. म्हणजे, रोजच आठवतो. पण हे निराळं. इतकी वर्षं मला वाटायचं, तो सहज वळला. स्वभावच तसा, मऊ. पण त्याच्याही पाठीवर ओझं होतं. पलीकडे चूल होती. त्यालाही दिसत असणार की उतार चांगला आहे. मास्तरीणबाई, त्याच्याही ओठांपर्यंत आलं असेल का गं?"

मी म्हटलं, आलं असेल.

"मला कधी कळलंच नाही," ती म्हणाली. "केवढं गिळलं असेल त्याने." आणि उठून तिने खिडकी उघडली. चुलीमुळे उकडतंय म्हणाली.

गुडघा चांगला झाला. ती काठीशिवाय बेकरीपर्यंत जाते. डिसेंबरच्या वर्गात आता लिओना तिच्या शेजारी उभी राहते आणि अर्धी ओळ तिच्याकडे असते. पण स्की दाराशी नाहीत. गाशाने त्या लिओनाला दिल्या, उंची जुळत नव्हती तरी.

परवा, फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ सकाळी, मी तिच्याकडे गेले होते. बोर्श्टसाठी बटाटे सोलायचे होते. ती मागच्या खिडकीशी दुर्बीण घेऊन बसली होती. त्या खिडकीतून डोंगराची अलीकडची बाजू दिसते. लिओना आणि ऑर्विल पहाटेच वर गेले होते. बर्फावर त्यांची नागमोडी वाट उमटलेली दिसत होती, दोऱ्यासारखी, वर गोधडीच्या काठापर्यंत. काठावर एक ठिपका होता, तो थांबलेला. दुसरा ठिपका गोधडीवरून आडवा चालला होता, अगदी सावकाश. मग तो खांद्यावर पोचला, आणि दिसेनासा झाला.

"पोचली," गाशा म्हणाली.

तिने दुर्बीण खाली केली नाही. "आता खांद्यावरून डावीकडे राहायचं. उजवीकडे वाऱ्याने छज्जा केलेला असतो, दिसत नाही, पण खाली पोकळ. मग तीन फरची झाडं. तिथून धुराडं. खाली उतरताना घाई करायची नाही, कुरणाच्या तोंडाशी ओढा आहे, त्यावरचा बर्फ पातळ." ती बोलत होती ते मला नव्हतं, तरी मी सोलायची थांबले. "ओढ्यापाशी एकेकानेच. तू इथे थांब, टिमोशा. मी पलीकडे गेले की हात करीन, मग ये."

"बरं," मी म्हटलं.

दुर्बीण आता मांडीवर होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती, पण डोंगराकडे नव्हे. त्याच्या खूप अलीकडे कुठेतरी किंवा खूप पलीकडे. ओठ हलत होते. गात असावी. पातेल्यातलं पाणी उकळून झाकण उडायला लागलं तेव्हा मी हळूच उठले, गॅस बारीक केला आणि परत येऊन बटाटा हातात घेऊन बसून राहिले.